नाना शंकरशेट : दाता की संस्थापक?

मुंबईहून ठाण्याकडे आणि ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावरून रोज लाखो माणसे ये-जा करतात. त्यांत शिक्षक असतात, कारकून असतात, महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी असतात. यांपैकी बहुतेकांना नाना शंकरशेट हे नाव दोन निमित्तांनी ठाऊक असते. एक निमित्त शालान्त परीक्षेत संस्कृत विषयात अग्रक्रम मिळविणाऱ्यास दिल्या जाणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे आणि दुसरे ग्रँट रोडजवळच्या नाना चौकाचे. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना हेही स्मरते की, हिंदुस्थानातील पहिल्या प्रवासी आगगाडीच्या व्यवहारात या गृहस्थांचा मोठा हात होता. एवढ्यावर नानांची ओळख संपते आणि दानशूर या एका विशेषणात सारे चरित्र गुंडाळून ठेवले जाते.

ते विशेषण खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणामुळे नानांच्या कार्याचे मर्मच दृष्टीआड होते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत दानशूर धनिकांची वाण नव्हती. धर्मशाळा, विहिरी, तलाव, देवळे यांसाठी हजारो रुपये देणारे अनेक होते. नानांचे वेगळेपण असे की, त्यांनी दानाचे रूपांतर संस्थेत केले, संस्थेचा कारभार समितीच्या हाती दिला आणि समितीत बसून राज्यकर्त्यांशी समान भूमिकेवरून वाद घालण्याचा पायंडा पाडला. हाती सत्ता नाही, सैन्य नाही, मताधिकार नाही, अशा समाजाला सार्वजनिक कारभाराची सवय लावण्याचे काम ज्या मोजक्या माणसांनी केले, त्यांच्यात त्यांचे स्थान फार वरचे आहे.

संस्थापक हा शब्द उच्चारला की जगाच्या इतिहासात अमेरिकेच्या राष्ट्रनिर्मात्यांची आठवण होते. त्यांतील बेंजामिन फ्रँकलिन यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये निघाला आणि राज्यघटनेचा मसुदा १७८७ मध्ये सिद्ध झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १७३१ मध्ये, फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात वर्गणीचे ग्रंथालय काढले होते. १७३६ मध्ये आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक उभारले होते. १७५१ मध्ये रुग्णालयाच्या स्थापनेला हातभार लावला होता, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून निघालेल्या विद्यालयाचे पुढे विद्यापीठ झाले. स्वराज्य मागण्याआधी त्या शहराने आपले काही व्यवहार स्वतः चालवून पाहिले होते. फ्रँकलिन १७९० मध्ये निवर्तले. त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मलेल्या नानांनी मुंबईत जे केले ते याच जातीचे काम होते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की फ्रँकलिन यांना हयातीतच आपले राष्ट्र स्वतंत्र झालेले पाहावयास मिळाले; नानांच्या वाट्याला परक्यांची राजवट उगवताना आणि स्थिरावताना पाहणे आले.

मुरबाडचे घराणे, मुंबईची पेढी

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या दैवज्ञ ब्राह्मण घराण्यात झाला. घराण्याने मुंबईत येऊन व्यापारात चांगला जम बसविला होता. नाना चौकातील भवानीशंकराचे देऊळ वडील शंकरशेट यांच्या काळातले आहे. नाना वाढले तो काळ संक्रमणाचा होता. ते पंधरा वर्षांचे असताना, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि पश्चिम हिंदुस्थानात कंपनी सरकारचा अंमल पक्का झाला. पुढे चार-पाच वर्षांत पितृछत्र हरपले आणि ऐन तारुण्यात पेढीचा सारा भार त्यांच्यावर आला.

त्यांनी पेढी नुसती सांभाळली नाही, वाढविली. त्यांची पत अशी होती की, अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी आपली रोकड व जडजवाहीर बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडे ठेवणे अधिक सुरक्षित समजत. व्यापारातील ही पत पुढे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे भांडवल बनली. ज्याच्या शब्दावर परका माणूस आपली ठेव सोपवितो, त्याच्या शब्दावर शहरही आपला निधी सोपविते. गव्हर्नरापासून गिरगावातील गृहस्थापर्यंत साऱ्यांना नाना समितीत हवे असत, त्याचे कारण केवळ त्यांची श्रीमंती नव्हते. हिशेब चोख राहील आणि बैठकीला ते स्वतः हजर राहतील, हा विश्वास त्यामागे होता.

सामाजिक प्रश्नांत त्यांची चाल सावध परंतु ठाम होती. सतीची चाल कायद्याने बंद करण्याच्या प्रश्नावर जुन्या मताच्या हिंदू समाजात खळबळ होती. नाना त्या समाजातले प्रमुख गृहस्थ होते, घरचे देवधर्म पाळणारे होते. तरीही गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी त्यांनी सतीबंदीला पाठिंबा दिला. हिंदूंच्या अंत्यविधीसाठी सोनापूर येथे स्मशानभूमी मिळावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. सरकारकडे शब्द टाकायचा तो आपल्या लोकांच्या गरजेसाठी, आणि आपल्या लोकांना अप्रिय गोष्ट सांगायची ती न्यायासाठी, हे दुहेरी काम त्यांनी आयुष्यभर केले. अशा माणसाला दोन्ही बाजूंचे बोल सोसावे लागतात. तेही त्यांनी सोसले.

शिक्षणाचा पाया

नानांच्या कार्यात शिक्षणाला अग्रस्थान द्यावे लागेल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १८२२ च्या सुमारास एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी शाळा व पुस्तके पुरविणारी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या आधारस्तंभांत तरुण नाना होते. एल्फिन्स्टन स्वदेशी परतले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. या पैशांचा विनियोग उच्च शिक्षण देणारे प्राध्यापक नेमण्याकडे करण्याचे ठरले. यातूनच एल्फिन्स्टन विद्यालयाची व पुढे महाविद्यालयाची उभारणी झाली. दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या विद्यालयाचे विद्यार्थी; महादेव गोविंद रानडे यांचेही शिक्षण त्याच परंपरेत झाले. महाराष्ट्रातील पुढच्या अर्धशतकाची विचारसंपदा ज्या घडवंचीवर घडली, ती घडवंची बसविणाऱ्या हातांत नानांचा हात होता.

१८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ स्थापन केले. अध्यक्ष धरून सात सभासदांच्या या मंडळात तीन सभासद एतद्देशीय होते. नाना हे त्यांतील एक, आणि मंडळ विसर्जित होईपर्यंतच्या प्रदीर्घ काळात त्यांनी त्याच्या कामात लक्ष घातले. याच मंडळात १८४७ च्या सुमारास जो वाद झाला तो आजच्या शिक्षकांनी व पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे.

मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च न्यायालयाच्या पूर्वीच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. वरच्या वर्गातील थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, त्यांच्याकडून ते खाली झिरपेल, अशी त्यांची धारणा होती. उलट बाजूला कर्नल जर्व्हिस होते, आणि त्यांच्यासोबत मंडळाचे तिन्ही एतद्देशीय सभासद, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान अशा तिघांनी देशी भाषांच्या बाजूने कौल द्यावा, ही घटनाच बोलकी आहे.

नानांनी या प्रश्नावर स्वतंत्र टिपण लिहून आपले मत नोंदविले. त्यांचा इंग्रजीला विरोध नव्हता. इंग्रजी शिकणे त्यांना आवश्यकच वाटत होते आणि त्यासाठी त्यांनी स्वतः पैसा व श्रम वेचले होते. त्यांचा मुद्दा असा होता की, ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवायचे असेल तर ते त्यांच्याच भाषेतून दिले पाहिजे. परकी भाषा आत्मसात करण्यात सामान्य मुलाची सारी वर्षे खर्ची पडली, तर मूळ विषय शिकायला त्याच्याजवळ वेळ उरत नाही. सरकारने अखेर मधला मार्ग स्वीकारला आणि प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून अशी विभागणी रूढ झाली. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती आणि कानडी शाळांची जी परंपरा टिकून राहिली, तिला या वादात घेतलेल्या भूमिकेचे पाठबळ होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हा नाना त्याच्या पहिल्या अधिछात्रांमध्ये होते, ही गोष्ट मग स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांची कृती तर अधिक धाडसाची होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुली शिकणे हे कुलक्षण मानणाऱ्या त्या काळात शाळेला जागा कोण देणार, हा पहिला प्रश्न होता. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. शहरातील प्रतिष्ठित घराणे आपले दार उघडते म्हटल्यावर इतरांचा धीर चेपला. सुधारकाच्या व्याख्यानाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, अशा उघडलेल्या दाराचे मोल असते.

लोखंडी रस्ता

आता आगगाडीकडे वळले पाहिजे. कारण ठाणे-कल्याणच्या वाचकाचा नानांशी असलेला नित्याचा संबंध तिथेच आहे. मुंबई बेटाचा मुख्य भूमीशी होणारा व्यापार तेव्हा बैलगाड्या, तांडे आणि खाडीतील गलबते यांवर अवलंबून होता. वऱ्हाड-खानदेशातील कापूस घाट उतरून बंदरात येईपर्यंत त्याची माती होई. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी रेल्वेसाठी मुंबईत मंडळी उभी केली. पुढे ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीत विलीन झाली. त्या वेळच्या दहा संचालकांत हिंदी माणसे दोनच होती, एक जमशेटजी आणि दुसरे नाना.

कंपनीला १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली, १८५० मध्ये काम सुरू झाले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी असा तो थाट होता. सुमारे चौतीस किलोमीटरचे अंतर गाडीने कापले. त्या प्रवाशांत संचालक या नात्याने नानाही होते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून आणि डोंगर पोखरून मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेथून एक फाटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे गेला. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये गाडीने ओलांडला. सातवाहनकाळापासून बंदर म्हणून ख्याती पावलेले कल्याण आता लोहमार्गाचे नाके बनले.

या मार्गाने जिल्ह्याचे भवितव्य बदलले. कल्याणची नगरपालिका १८५५ मध्ये व ठाण्याची १८६३ मध्ये स्थापन झाली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये निघाले. ठाण्यातून १८६६ मध्ये अरुणोदय हे वृत्तपत्र सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले. आगगाडीने केवळ कापूस वाहून नेला असे नाही. वर्तमानपत्र, पुस्तक, शिक्षक आणि सभासंस्थांची कल्पनाही तिने वाहून नेली. पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मध्यमवर्गाने डोंबिवलीसारख्या गावात बिऱ्हाडे थाटली, तीही या मार्गाच्या आधारानेच.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. रेल्वेत गुंतविलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिलेली होती. नफा झाला तर तो विलायतेतील भागधारकांचा आणि तोटा झाला तर तो येथील करदात्यांचा, अशी ती व्यवस्था होती. पुढे दादाभाईंनी देशाच्या संपत्तीच्या अपहरणाची जी मीमांसा केली, तिच्यात या गोष्टीला स्थान होते. नानांच्या पिढीला हा हिशेब पुरता उमगला नव्हता. इंग्रजी राज्याच्या सद्हेतूवर त्यांचा जो भरवसा होता तो आज भोळा वाटतो. परंतु तो भरवसा आंधळा नव्हता, हे त्यांच्या राजकीय कार्यावरून दिसून येते.

अर्जाचे राजकारण

२६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था होय. सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष आणि नाना अध्यक्ष होते, डॉ. भाऊ दाजी चिटणिसांपैकी एक होते. नौरोजी फर्दुनजी आणि तरुण दादाभाई तिच्या कार्यात होते. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न १८५३ मध्ये पार्लमेंटपुढे यावयाचा होता. ती संधी साधून असोसिएशनने विनंतीअर्ज पाठविला. कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी लोकांना स्थान असावे, वरिष्ठ जागांवर त्यांच्या नेमणुका व्हाव्यात, राज्यकारभाराचा अवाढव्य खर्च कमी व्हावा, अशा मागण्या तीत होत्या. कलकत्ता व मद्रास येथील संस्थांनीही त्याच सुमारास आपापले अर्ज धाडले. तीन इलाख्यांतील प्रमुख माणसे एकाच वेळी एकाच दिशेने बोलू लागण्याचा हा आरंभ होता. काँग्रेसची स्थापना व्हावयास त्यानंतर तेहतीस वर्षे जावी लागली.

विनंतीअर्ज या शब्दाला पुढच्या काळात हिणकस अर्थ चिकटला. लोकमान्यांच्या पिढीने या मार्गाची टर उडविली आणि तिच्या दृष्टीने ते योग्यही होते. पण १८५२ मध्ये अर्ज लिहिणे म्हणजे काय होते, हेही पाहिले पाहिजे. राज्यकारभाराचा अभ्यास करणे, आकडे गोळा करणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या माणसांना एका मसुद्यावर आणणे, त्यावर सही करून सरकारची गैरमर्जी ओढवून घेणे, आणि हे सर्व उघडपणे करणे, असा तो व्यवहार होता. अर्जाची भाषा पुष्कळांना कडक वाटली. त्या वादात काही प्रतिष्ठितांनी असोसिएशनला रामराम ठोकला. नाना मात्र मागे हटले नाहीत.

गैरमर्जीचा खरा अनुभव त्यांना १८५७ मध्ये आला. उत्तरेत उठाव भडकला असताना मुंबईतही संशयाचे वातावरण दाटले. बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा संशय प्रत्यक्ष नानांवर घेण्यात आला. चौकशी झाली, पुरावा काहीच निघाला नाही आणि ते निर्दोष ठरले. ज्याने पस्तीस वर्षे सरकारच्या समित्यांत खपून शहर उभे केले, त्याच्यावरही संकट येताच परकी सत्ता विश्वास ठेवीत नाही, हा धडा त्या प्रसंगात होता. नानांनी त्यावरून रुसून सार्वजनिक जीवन सोडले नाही. १८६१ च्या कायद्याने प्रांतिक कायदे कौन्सिलांत हिंदी सभासद घेण्याची तरतूद झाली आणि १८६२ मध्ये मुंबईच्या कौन्सिलवर नेमल्या गेलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. जी मागणी दहा वर्षांपूर्वी त्यांनीच अर्जातून केली होती, तिचा लहानसा हप्ता अशा रीतीने हाती आला. लोकांनी निवडून दिलेले ते सभासद नव्हते आणि कौन्सिलला अधिकारही बेताचेच होते. परंतु दार किलकिले झाले होते.

शेवटच्या वर्षांतही त्यांचा उद्योग थांबला नव्हता. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. बर्डवुड व भाऊ दाजी यांच्यासमवेत त्यांनी परिश्रम घेतले. १९७५ पासून ते संग्रहालय भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात सोन्याचा पाऊस पडू लागला. बँका, समुद्र हटविणाऱ्या कंपन्या आणि शेअरांचा सट्टा यांना ऊत आला. युद्ध संपताच फुगा फुटला. १ जुलै १८६५ या दिवशी वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळे काढले. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांचे निधन झाले. त्या तेजीत जन्मलेल्या कित्येक कंपन्यांची आज नावेही कोणास आठवत नाहीत. नानांनी ज्यांची पायाभरणी केली ती शाळा-महाविद्यालये, विद्यापीठ आणि रेल्वे मात्र टिकून आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा पुतळा बसविण्यात आला आणि संस्कृतच्या शिष्यवृत्त्या त्यांच्या नावाने सुरू झाल्या. रायगड जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ती पहिली शिष्यवृत्ती मिळविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. संस्थेचे फळ असे पिढ्यांनंतर हाती येते.

वारशाचा हिशेब

नानांच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. ते धनिक होते आणि त्यांचे राजकारण धनिकांच्या व सुशिक्षितांच्या वर्तुळात फिरले. शेतकरी आणि अस्पृश्य यांच्या दुःखाला जोतीरावांनी जशी वाचा फोडली, तशी नानांकडून फोडली गेली नाही. बॉम्बे असोसिएशनही काही वर्षांतच थंडावली आणि त्यांच्या मृत्यूनंतर तिला पुन्हा जागे करावे लागले. परंतु प्रत्येक पिढीचे मोजमाप तिला लाभलेल्या साधनांवरून करावयाचे असते. या कसोटीवर नाना उतरतात. प्रश्न आहे तो त्यांच्या वारसांचा.

ज्या मुरबाडचे हे घराणे, त्या मुरबाडला अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा अनेकवार झाल्या. गाडी मात्र धावली नाही. ज्या मार्गावर १८५३ मध्ये चारशे निमंत्रित सन्मानाने ठाण्याला गेले, त्याच मार्गावर मुंब्र्याजवळ जून २०२५ मध्ये गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून पडून प्रवाशांनी प्राण गमावले. देशी भाषेतून ज्ञान द्यावे म्हणून नानांनी न्यायाधीशाशी वाद घातला, तर आज ठाणे-डोंबिवलीतील मराठी शाळांचे वर्ग रोडावत असताना त्यावर वाद घालण्याइतकीही आस्था दिसत नाही. मुले परक्या माध्यमाकडे वळली याचा दोष केवळ पालकांना देऊन भागणार नाही. मराठी शाळा उत्तम राखण्यासाठी शहरातील प्रतिष्ठितांनी किती बैठका घेतल्या, हेही विचारले पाहिजे.

सर्वांत बोचणारी गोष्ट स्थानिक स्वराज्याची आहे. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये अस्तित्वात आली. कल्याण-डोंबिवलीच्या निर्वाचित सभेची मुदत २०२० मध्ये आणि ठाण्याच्या सभेची २०२२ मध्ये संपली. त्यानंतर काही वर्षे दोन्ही शहरांचा कारभार निवडणुकीवाचून प्रशासकांच्या हाती राहिला. कायदे मंडळात आपली माणसे असावीत एवढ्यासाठी १८५२ मध्ये समुद्रापलीकडे अर्ज धाडणाऱ्यांच्या जिल्ह्यात, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, आपला हक्काचा प्रतिनिधी नसतानाही लाखो नागरिकांचे दैनंदिन जीवन सुरळीत चालले. कोणी फारसा अर्जही केला नाही. लोकशाहीची संस्था मिळणे वेगळे आणि ती आपली वाटणे वेगळे, हे या काळाने दाखवून दिले.

नानांच्या नावाने आणखी एखाद्या स्थानकाचे नामकरण व्हावे, ही मागणी रास्त आहे आणि ती पुरीही व्हावी. परंतु नामकरण हे सरकारचे काम आहे. नानांचे काम नागरिकाचे होते. शाळेच्या समितीवर जाऊन हिशेब तपासणे, प्रवासी संघटनेच्या बैठकीला उपस्थित राहणे, प्रभागाच्या अंदाजपत्रकातील आकडे वाचून त्यावर लेखी हरकत घेणे, आणि हे सारे आपल्या जातीच्या वा पक्षाच्या माणसांपुरते न ठेवता सर्वांसमवेत करणे, असे त्या कामाचे आजचे स्वरूप आहे. त्यासाठी शेटजींची पेढी लागत नाही. शिक्षकाची सायंकाळ आणि कारकुनाचा रविवार त्याला पुरेसा आहे.